बाल्या नाचाची ढोलकी रजेपुरतीच
रत्नागिरी : गणपतीत संगमेश्वर, लांजा, गुहागरच्या वाड्यांत जाखडी रंगते. बाल्या नाच हे तिचं मुंबईकडचं नाव. कानात बाळी घालणाऱ्या कोकणी घरगड्याला शहर ‘बाल्या’ म्हणायचं. हिणवायचा शब्द, पण आता मंडळंच तो बॅनरवर मोठ्या अक्षरात लावतात. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, गाववाले एकत्र राहायचे, सराव आपसूक व्हायचा. १९८२ च्या संपानंतर माणसं विरार-दिव्याकडे पांगली. तरी शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईत तिकिटावर होतातच. गावात मात्र चाकरमान्याची रजा तेवढीच ढोलकी. शाहीर मुंबईला, मग वाडीतल्या पोरांना शिकवणार कोण? मे महिन्यात आंबे खायला सगळे येतात. तेव्हा मंडळांनी पंधरा दिवस शिकवणी लावली तर जमण्यासारखं आहे.