'जय भीम' हा कुणाच्या डाउनलाइनचा ब्रँड नाही

रविवारी सकाळी बोईसरमध्ये एखाद्या भाड्याच्या हॉलसमोरून जाऊन पाहा. तारापूर एमआयडीसीत आठवडाभर हेल्पर म्हणून राबणारी आपली पोरं त्या दिवशी ब्लेझर घालून, टाय लावून उभी दिसतील. हातात डायरी, छातीला बिल्ला, तोंडात इंग्रजी शब्द. आत स्टेजवर कुणीतरी सांगत असतो की, "तुम्ही नोकर नाही, तुम्ही एक ब्रँड आहात." टाळ्या पडतात. संध्याकाळी त्याच पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला दुसऱ्याच कुणाच्या गाडीला टेकून काढलेला फोटो येतो. खाली लिहिलेलं असतं, 'स्वतःचा बॉस स्वतः'.

आम्ही या पोरांची टिंगल करायला बसलेलो नाही. ही आपलीच पोरं आहेत. सरावली, सालवड, पास्थळच्या चाळींत राहणारी, विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या आई-बापांची, तर काही इथल्याच वारली-कोकणा पाड्यांवरची. यांच्यातले कित्येक जण १४ एप्रिलला मिरवणुकीत पुढे असतात. म्हणूनच हा प्रश्न चळवळीचा आहे. 'ज्याचा त्याचा धंदा' म्हणून आम्हाला तो सोडून देता येत नाही.

आधी हे समजून घेऊ की पोरगा तिथे जातो का. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झालं. शेजारी रसायन, औषध, पोलाद आणि कापडाचे कारखाने उभे राहिले. एवढा उद्योग दारात असताना इथल्या शिकलेल्या पोराच्या वाट्याला काय येतं? ठेकेदाराचा गेटपास. काही महिन्यांनी 'ब्रेक'. पगार ठेकेदाराच्या मर्जीवर, पीएफ कापला जातो पण भरला जातो की नाही ते कळत नाही. सुपरवायझर नावाने हाक मारत नाही, 'ए' म्हणतो. अशा पोराला रविवारच्या हॉलमध्ये कुणीतरी 'सर' म्हणतं, खुर्ची देतं, दोन आठवड्यांत हातात माइक देतं. तो पैशाच्या आशेने जातो हे खरं, पण टिकतो तो त्या 'सर' शब्दामुळे. ही भूक सन्मानाची आहे, आणि ती खोटी नाही.

पण त्या सन्मानाची किंमत कोण देतो ते पाहू.

पहिल्याच आठवड्यात पोराला शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगतात. यादीत कोण येतं? मावशी, मेहुणा, शाळेतले मित्र, विहारातले काका, आईच्या बचत गटातल्या बाया. मग शिकवतात की स्वतःला ब्रँड म्हणून कसं मांडायचं: रोज स्टेटस टाका, कर्ज असलं तरी यश दाखवा, धंदा काय आहे ते फोनवर सांगू नका, फक्त 'भेटूया' म्हणा. शेवटी सांगतात, 'निगेटिव्ह लोकांपासून लांब राहा.' निगेटिव्ह कोण? जो हिशेब विचारतो तो. म्हणजे बाप, मोठा भाऊ आणि आपल्यासारखे कार्यकर्ते.

आता हिशेबच करू. समजा एका माणसाने सहा जण जोडले, त्या प्रत्येकाने आणखी सहा. पायऱ्या अशा होतात: ६, ३६, २१६, १,२९६, ७,७७६, ४६,६५६, २,७९,९३६, १६,७९,६१६. आठव्या पायरीला जवळपास १७ लाख माणसं लागतात. नवव्या पायरीला एक कोटीहून जास्त. २०११ च्या जनगणनेनुसार आजच्या पालघर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० लाख आहे, तीही पाळण्यातली पोरं धरून. म्हणजे वसईपासून मोखाड्यापर्यंत एकूण एक माणूस जोडला तरी नववी पायरी भरत नाही.

आणखी एक गोष्ट हॉलमध्ये फळ्यावर लिहीत नाहीत. अशी साखळी कुठेही थांबली, तरी १०० पैकी ८३ माणसं शेवटच्या पायरीवरच असतात. त्यांच्या खाली कुणी नसतं. शेवटच्या दोन पायऱ्या धरल्या तर १०० पैकी ९७. 'मेहनत केली तर सगळेच डायमंड होतील' हे वाक्य म्हणून गणितातच खोटं आहे. पोरगा आळशी असो की कष्टाळू, शंभरातल्या ९७ जणांना शेवटच्या दोन पायऱ्यांवरच उभं राहावं लागतं. तरीही अपयश आलं की सांगतात, 'तुझी मानसिकता कमी पडली.' दोष रचनेचा आणि खापर माणसाच्या डोक्यावर. मित्रांनो, हे आपल्याला ओळखीचं वाटत नाही का? 'तुमच्या कर्माची फळं' हे आपल्या आजा-पणजाला असंच सांगितलं जात होतं.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेचं वर्णन श्रेणीबद्ध असमानता असं केलं. त्यातली मेख अशी की प्रत्येक जातीला आपल्या खाली कुणीतरी असल्याचं समाधान मिळतं, म्हणून सगळे मिळून वरच्याविरुद्ध उभे राहत नाहीत. जात आणि नेटवर्क मार्केटिंग एकच आहे असं आम्ही म्हणत नाही. जात जन्माने चिकटते, इथे माणूस स्वतः फॉर्म भरतो आणि उद्या सोडूही शकतो. पण ही मेख दोन्हीकडे सारखी आहे. ज्याचे पैसे बुडाले तो वरच्याला जाब विचारत नाही, कारण त्याची सगळी आशा खाली आणखी चार जण आणण्यावर असते. ठेकेदाराविरुद्ध दहा कामगार एकत्र येऊ शकतात. अपलाइनविरुद्ध डाउनलाइन एकत्र येत नाही, कारण तिथे प्रत्येक जण दुसऱ्याचं गिऱ्हाईक असतो.

आमच्या वस्तीतली एक गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. एक पोरगा, आयटीआय झालेला, कारखान्यात ठेक्यावर. आईने बचत गटातून कर्ज काढून त्याला 'पॅकेज' घेऊन दिलं. त्याने मावशीला जोडलं, मावशीने शेजारणीला. सहा महिने खोलीत पावडरचे डबे आणि साबणाचे खोके रचून ठेवले होते, कारण रँक टिकवायला दर महिन्याला माल स्वतःच घ्यावा लागत होता. दीड वर्षाने सगळं थांबलं. पैसे गेले ते गेलेच. पण त्याहून वाईट म्हणजे पोरगा विहारात यायचा बंद झाला. अर्ध्या गल्लीचं देणं डोक्यावर, मग रविवारी वंदनेला कुणाच्या शेजारी बसणार? जयंतीला तो रात्रपाळी मागून घेतो. चळवळीने एक चांगला कार्यकर्ता गमावला आणि गटातल्या बाया आजही एकमेकींशी नीट बोलत नाहीत.

तिथे खरं काय विकलं गेलं? आमच्या मते साबण नाही, पावडरही नाही. विकला गेला विश्वास. सालवडमधली एखादी बाई अनोळखी कंपनीला हजारो रुपये देत नाही. ती देते कारण समोरचा पोरगा 'जय भीम मावशी' म्हणत दारात येतो. हा विश्वास त्या पोराने कमावलेला नाही. वर्गणी काढून विहार बांधणाऱ्यांनी, पै-पैचा हिशेब बोर्डावर लावणाऱ्यांनी, अडीअडचणीला अर्धी भाकर देणाऱ्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या कमावला. ती समाजाची सामाईक ठेव आहे. 'पर्सनल ब्रँड'च्या नावाखाली ती ठेव एक जण मोडतो आणि तिचा मलिदा वर जातो.

कायदा काय म्हणतो हेही प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे. प्राइज चिट्स अँड मनी सर्क्युलेशन स्कीम्स (बॅनिंग) अ‍ॅक्ट १९७८ चा आहे. नवी माणसं भरती करण्याच्या बदल्यात झटपट पैसा देणाऱ्या योजना तो बंद करतो, आणि त्यात योजना चालवणाराच नाही तर सभासद होऊन भाग घेणाराही येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद असू शकते. म्हणजे उद्या गुन्हा दाखल झाला तर आपला पोरगा फक्त फसवला गेलेला राहत नाही, मावशीच्या तक्रारीत तो आरोपीही होऊ शकतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये थेट विक्रीचे नियम काढले. त्यात पिरॅमिड योजना चालवायला मनाई आहे. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. विक्रेत्याने केलेल्या विक्रीच्या तक्रारीला कंपनी जबाबदार आहे. त्याआधी २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही सभासद होण्यासाठी प्रवेश फी घेऊ नये असं होतं.

'मोठी कंपनी आहे, मग फसवेल कशी?' असं पोरं विचारतात. मोठेपणाचा आणि खरेपणाचा संबंध नसतो. २०११ मध्ये स्पीक एशियाने सर्वेक्षणं भरा आणि पैसे कमवा म्हणत लाखो लोकांना वर्गणीदार केलं आणि ते प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत गेलं. एप्रिल २०२२ मध्ये ईडीने अ‍ॅमवे इंडियाची ७५७ कोटींहून अधिक रकमेची मालमत्ता तात्पुरती जप्त केली आणि थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड चालवल्याचा आरोप ठेवला. जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या दुकानासमोर रडणारी गर्दी आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. अमेरिकेत २०१६ मध्ये हर्बालाइफला ग्राहकांच्या भरपाईसाठी २० कोटी डॉलर द्यावे लागले आणि कमाईची पद्धत बदलावी लागली. या सगळ्यांचा धंदा सारखा नव्हता. पण 'माणूस आण, पैसे घे' हा धागा तपासायला त्यांनी आपल्याला शिकवलं पाहिजे.

काही तरुण आम्हाला विचारतात, "मग आपल्या माणसाने धंदा करूच नये का? आयुष्यभर ठेकेदाराकडेच राबायचं?" प्रश्न बरोबर आहे. धंद्याला आमचा विरोध नाही. दलित उद्योजकांची संघटना डिक्की २००५ पासून काम करते आहे. बोईसर नाक्यावर वडापावची गाडी लावणारा, रिक्षा चालवणारा, वेल्डिंगचं दुकान टाकणारा आपला माणूस आम्हाला अभिमानाचा वाटतो. विक्रीकला ही चांगली विद्या आहे आणि स्टेजवर बोलायला शिकणं हाही फायदाच आहे. फरक ओळखायला एकच कसोटी पुरे: उद्यापासून एकही नवा माणूस जोडायचा नाही असं ठरलं, तर फक्त माल विकून तुझं घर चालेल का? तोच माल त्याच भावाला तुझ्याशी ओळख नसलेलं गिऱ्हाईक विकत घेईल का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल विक. 'नाही' असेल तर तू माल विकत नाहीस, माणसं विकतोस. बुद्धाने अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका सांगितली. आपल्या पोटासाठी दुसऱ्याचं नुकसान होता कामा नये, हाच तिचा अर्थ.

आणि आता थोडं आपल्याकडे बघू. कंपनी त्या पोराला दोन आठवड्यांत माइक देते. आपण काय दिलं? जयंतीला खुर्च्या उचलायला लावल्या, बॅनर बांधायला लावले, आणि स्टेजवर दर वर्षी तेच चार जण बसले. बॅनरवर पुढाऱ्याचा चेहरा बाबासाहेबांएवढा मोठा छापला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका स्पष्ट सांगितला होता. आपणच आपल्या पुढाऱ्यांचे ब्रँड बनवले, मग पोरांनी स्वतःचा ब्रँड बनवायला घेतला तर त्यांना एकट्याला का बोलायचं? तो आयटीआयवाला पोरगा पॅकेज घेण्याआधी आमच्याकडे आला होता. पीएफची स्लिप दाखवून विचारत होता की पुढे काय करता येईल. आम्ही 'जयंती होऊ दे, मग बसू' म्हणालो. बसलो नाही. ही चूक आमची आहे.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण पहिल्यावर भाषणं देतो आणि दुसऱ्याच्या दारात पोरांना एकटं सोडतो.

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक विहारात महिन्यातला एक रविवार हिशेबाचा ठेवा. पोरांनी पगाराची पावती आणि पीएफचं पासबुक घेऊन यावं, ईएसआयचं कार्ड आणावं, आणि ज्याला समजतं त्याने समजावून सांगावं. बचत गटाचं कर्ज कुठल्याही 'जॉइनिंग'साठी द्यायचं नाही, असा ठराव गटानेच करावा. विहाराचा हॉल आणि मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कुठल्याही योजनेच्या भरतीला वापरू देऊ नका, मग सांगणारा कितीही जवळचा असो. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० आहे, पोलीस ठाणं आहे. तक्रार एकट्याने नको, गल्लीने मिळून करा. आणि माइक पोरांच्या हातात द्या. येत्या जयंतीला पुढाऱ्याच्या आधी एखाद्या ठेका कामगाराला बोलू द्या.

ज्यांनी देणं झाल्यामुळे विहारात यायचं बंद केलंय, त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे: दादा, ताई, परत या. हिशेब आपण मिळून करू. तुम्ही फसलात यात लाजण्यासारखं काही नाही. आम्ही वेळेवर तुमच्याजवळ बसलो नाही, लाज त्याची वाटायला हवी.

जय भीम.