शब्दांचे रेशन

तारेचा जमाना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना शब्द मोजून वापरण्याची कला निराळी शिकवावी लागत नाही. ‘मुलगा झाला, दोघे सुखरूप’ एवढ्यावर आनंद आटोपता घ्यावा लागे. पुढच्या शब्दाला पैसे पडत. ती तार २०१३ साली बंद झाली आणि आपण सैल सुटलो. पण वाचकहो, तो हिशेब आता मागच्या दाराने पुन्हा घरात शिरला आहे.

कल्याण सोडले की कर्जतच्या बाजूला पहिलेच स्टेशन लागते ते आमचे विठ्ठलवाडी. येथे माझी भाची संगणकाची पदवी घेत आहे, आणि प्रोग्राम लिहून देणारा एक कृत्रिम बुद्धीचा मदतनीस तिने महिन्याच्या वर्गणीवर ठेवला आहे. वर्गणी भरली म्हणजे वाटेल तेवढे राबवता येते, असे मात्र नाही. या जातीच्या मदतनिसांतला गिटहब कोपायलट २०२२ साली महिना दहा डॉलरवर सर्वांना खुला झाला. २०२५ साली त्याच वर्गणीत बड्या मॉडेलांसाठी महिन्याला ३०० विनंत्यांची मर्यादा आली. भाचीचा मदतनीस निराळा. पण रेशनकार्ड त्यालाही आहेच.

तिने त्याला मराठी शब्दकोडे जुळवणारा प्रोग्राम लिहायला सांगितले. त्याने ‘विठ्ठलवाडी’ला दहा घरे दिली! एका घरात ‘व’, शेजारच्या घरात त्याची वेलांटी, आणि एका घरात तर नुसते पाय मोडल्याचे चिन्ह! संगणकाच्या पोटात हा शब्द दहा चिन्हांचाच असतो. पुन्हा सांगितल्यावर घरे सहा झाली. ‘ठ्’ आणि ‘ठ’ यांची फारकत झाली. जोडाक्षर न फोडण्याचा नियम युनिकोडमध्ये २०२३ साली आला; तो लावायला सांगितल्यावर तिसऱ्या खेपेस पाच घरे पडली.

“मामा, कोटा संपला! आणि आज वीसच तारीख!”

“मराठीत नीट समजावून सांगायचे होतेस.”

“मराठी महाग पडते, मामा.”

मराठीच्या प्राध्यापकाला हे उत्तर झोंबावे यात नवल नाही. पण ते खोटे नव्हते. ही यंत्रे मजकुराचे तुकडे पाडतात, त्यांना टोकन म्हणतात, आणि पैसे तुकड्यांवर ठरतात. मे २०२४ मध्ये ओपनएआयने एकाच मजकुराचा हिशेब निरनिराळ्या भाषांत दिला होता. जुन्या पद्धतीत इंग्रजीला २७ टोकने लागत, मराठीला ९६. नव्या पद्धतीत इंग्रजीला २४ आणि मराठीला ३३ पुरू लागली. म्हणजे मराठी मुळात महाग नव्हती. काटाच दुसऱ्याच्या मापाचा होता, आणि तो दुरुस्त होऊ शकतो. शिवाय संभाषण लांबले की मागचे सारे बोलणे प्रत्येक प्रश्नाबरोबर यंत्रापुढे पुन्हा ठेवले जाते. महागात पडते ते मराठीपेक्षा अर्धवट सांगून पुनःपुन्हा विचारणे.

‘ठ्ठ’ हे एकच अक्षर, हे पाटी धरणाऱ्या पोरालाही ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते, आणि सांगण्यासाठी ते आपल्याला ठाऊक असावे लागते. म्हणून मुलांनी वर्गणी मागितली तर जरूर द्यावी. मात्र काय हवे आहे ते आधी कागदावर मराठीत लिहायला लावावे. कागद टोकने मोजत नाही.