पोर्टलंडच्या पोरींचा हंगाम

आज फुटबॉलच्या एका हंगामाची गोष्ट सांगायची आहे. गाव अमेरिकेतलं पोर्टलंड, खेळणाऱ्या कॉलेजातल्या मुली आणि साल २००२. तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, सोयाबीनच्या भावाचं बोलायचं सोडून हे काय काढलं? पण हंगाम हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. तिकडचा कॉलेजचा फुटबॉल आपल्या खरिपाच्या बरोबरीनं चालतो. ऑगस्टात सराव सुरू होतो आणि डिसेंबर लागला की निकाल हातात येतो. २००२ साली श्रावणात सुरू झालेला हंगाम मार्गशीर्षात संपला. त्या हंगामात घरचा कर्ता माणूस आजारी होता. एवढं सांगितलं की पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त समजेल, कारण ऐन सुगीत घरात आजारपण येणं काय असतं हे शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

आधी एक घोळ निस्तरून घेऊ. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळच निराळा. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन धिप्पाड गडी एकमेकांवर तुटून पडतात. आपल्या कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ ज्या खेळासाठी जीव टाकतात, तो पायानं खेळायचा फुटबॉल. त्याला अमेरिकेत सॉकर म्हणतात. मी आपलाच शब्द वापरणार आहे.

पोर्टलंड हे ऑरेगन राज्यातलं शहर, अमेरिकेच्या पश्चिम टोकाला. विलामेट नावाची नदी शहरातून वाहते आणि विद्यापीठ तिच्या काठच्या उंच कड्यावर आहे. नदीच्या वरच्या अंगाला मोठं सुपीक खोरं आहे. अमेरिकेत पिकणारा जवळजवळ सगळा हेझलनट, म्हणजे टणक कवचाचा बदामासारखा मेवा, याच राज्यात होतो. आणखी एक गंमत सांगतो. त्या खोऱ्यातले शेतकरी गवताचं बी पिकवतात. आपण जे खुरपून बांधावर फेकतो, त्याचं बी ते पोत्यांनी विकतात, अंगणातल्या आणि खेळाच्या मैदानातल्या हिरवळीसाठी. आपला पाऊस आवरला की तिथला सुरू होतो. बारीक, चिवट, दिवसदिवस न उघडणारा. फुटबॉलचा निम्मा हंगाम त्या झिमझिमीतच जातो.

आता मुली या खेळात आल्या कशा? १९७२ साली अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनं मुलगा आणि मुलगी असा भेद करायचा नाही, एवढंच त्याचं सार. मूळ कायद्यात खेळाचं नावही नव्हतं. पण शिक्षणात खेळ आलाच, असा त्याचा अर्थ लागला आणि कॉलेजांची पंचाईत झाली. त्या अंड्याच्या चेंडूच्या खेळाला गडी लागतात ढीगभर. तेवढ्या पोरांना शिष्यवृत्ती द्यायची तर मुलींनाही त्या मानानं द्यायला हवी. मग मुलींसाठी असा खेळ हवा की ज्यात खेळाडू पुष्कळ लागतात आणि खर्च बेताचा होतो. चेंडू, दोन गोलचे खांब आणि हिरवळ, झालं काम. मुलींचा फुटबॉल तिकडे झपाट्यानं वाढला त्याचं एक कारण हे. त्या काळी वरच्या दर्जाच्या एका संघाला ठरावीक मुलींच्या पूर्ण खर्चाइतकी शिष्यवृत्ती देता येई, आणि ती जास्त मुलींत वाटलेलीही चाले. अभ्यासात मागं पडली की मैदान बंद, हा नियम मात्र कडक. खेळावर शिक्षण निघतं म्हटल्यावर आईबापांचा विरोध किती टिकतो, हे तुम्हीच ताडा.

१९८२ पासून मुलींच्या कॉलेज फुटबॉलची देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वीस वर्षांत सोळा वेळा एकच संघ जिंकला, पूर्वेकडचं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ. जत्रेच्या फडात दर वर्षी एकाच पैलवानानं मानाचं नारळ न्यावं, तसा प्रकार. बाकीच्यांनी यायचं, लढायचं आणि परत जायचं.

पोर्टलंडचं विद्यापीठ तर लहानसं, ख्रिस्ती धर्मसंस्थेनं काढलेलं. अंड्याच्या चेंडूचा संघ त्यांच्याकडे नाही. माझ्या मते हे त्यांच्या पथ्यावरच पडलं. घरात थोरला लाडका नसला की धाकट्याच्या ताटात जरा जास्त पडतं.

या संघाचा कर्ता माणूस होता क्लाइव्ह चार्ल्स. जन्म १९५१ चा, लंडनच्या पूर्व भागातल्या गोदीकामगारांच्या वस्तीतला. वर्णानं काळा. त्या काळी इंग्लंडच्या मोठ्या संघांत काळे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके असत. थोरला भाऊ जॉन वेस्ट हॅम या नामांकित संघाकडून खेळला आणि पाठोपाठ क्लाइव्हही. पुढं १९७८ साली तो पोर्टलंडच्या धंदेवाईक संघात खेळायला आला आणि तिथलाच होऊन राहिला. १९८६ पासून त्यानं विद्यापीठाच्या मुलांचा संघ हाती घेतला, १९८९ पासून मुलींचाही. दोन्ही संघांचा हंगाम एकाच वेळी असतो. दोन बैलजोड्या एकाच माणसानं एकाच दिवशी हाकाव्यात, तसं हे काम. त्यानं ते वर्षानुवर्षं केलं.

आणि पीकही चांगलं काढलं. १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा फुटबॉल पहिल्यांदा आला. उपांत्य सामन्यात नॉर्वेविरुद्ध अमेरिकेचा विजयी गोल शॅनन मॅकमिलननं केला. अंतिम सामन्यात चीनविरुद्धचा विजयी गोल टिफनी मिलब्रेटनं केला. दोघीही पोर्टलंडच्या याच मैदानावर तयार झालेल्या, चार्ल्सच्या हाताखालच्या.

पण कॉलेजचं अजिंक्यपद काही येईना. १९९५ साली मुली अंतिम सामन्यापर्यंत गेल्या. नोत्रदाम विद्यापीठाशी गाठ होती. वेळ संपली, गोल नाही. जादा वेळ दिला, नाही. पुन्हा दिला, नाही. तिसऱ्या खेपेला समोरच्यांनी एक गोल केला आणि संपलं. त्यानंतरही संघ शेवटच्या चारांत जाऊन परतत राहिला. पेरणी बरोबर, निगराणी बरोबर, आणि माल खळ्यावर आला की गारपीट. असली वर्षं तुम्ही पाहिलेली आहेत.

२००० साली चार्ल्सला प्रोस्टेटचा कॅन्सर झाल्याचं निघालं. त्याला पन्नाशीही गाठायची होती. त्याच वर्षी तो अमेरिकेच्या मुलांचा ऑलिंपिक संघ घेऊन सिडनीला गेला आणि तो संघ चौथा आला.

इथं घटकाभर थांबतो, कारण हा आजार पुरुषांचा आहे आणि आपल्याकडची पुरुषमंडळी त्याबद्दल बोलत नाहीत. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली असणारी अक्रोडाएवढी ग्रंथी. रात्री चारचारदा उठावं लागतं, धार बारीक होते, कधी लघवीतून रक्त जातं. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. वय झालं की ग्रंथी नुसती वाढते आणि त्यानंही हाच त्रास होतो. उलट कॅन्सर सुरुवातीला काहीच त्रास न देता बसून राहतो असंही होतं. म्हणून पन्नाशीच्या पुढच्यांनी अंगावर न काढता डॉक्टरला सांगावं. माझ्या मायबहिणींनो, घरधनी लाजत असेल तर तुम्ही बोला. बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण सकाळी दवाखाना गाठतो आणि स्वतःच्या दुखण्याला मात्र सहा महिने वाट पाहायला लावतो.

तर चार्ल्सनं काम सोडलं नाही. २००२ चा हंगाम आला तेव्हा आजाराची बातमी संघापासून लपलेली नव्हती.

त्या संघात क्रिस्टीन सिंक्लेअर नावाची एकोणीस वर्षांची पोर होती. ती शेजारच्या कॅनडा देशातल्या बर्नबी गावची, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी. संघाचा सराव सुरू झाला तेव्हा ती तिथं नव्हतीच. एकोणीस वर्षांखालच्या मुलींची जागतिक स्पर्धा त्या ऑगस्टात पहिल्यांदाच कॅनडात भरली होती आणि ही आपल्या देशाकडून खेळत होती. सबंध स्पर्धेत तिनं दहा गोल केले. १ सप्टेंबरला एडमंटन शहरात अंतिम सामना झाला, कॅनडा विरुद्ध अमेरिका. मुलींचा, तोही एकोणीस वर्षांखालच्यांचा सामना पाहायला सत्तेचाळीस हजारांवर माणसं आली! सामना जादा वेळेत गेला. त्या काळी नियम असा होता की जादा वेळेत जो पहिला गोल करील तो तिथंच जिंकला. त्याला सोनेरी गोल म्हणत. तो गोल अमेरिकेनं केला आणि घरच्या मैदानावर, घरच्या माणसांसमोर कॅनडाच्या पोरी हरल्या. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून बक्षीस सिंक्लेअरला मिळालं. पण असल्या दिवशी त्या बक्षिसाचं काय करायचं?

तिथून ती पोर्टलंडला आली आणि कॉलेजच्या संघात दाखल झाली. रडत बसायला वेळही नव्हता. आठवड्याला एक-दोन सामने, मधल्या दिवसांत वर्ग आणि परीक्षा, आणि बाहेरगावी जाताना पिशवीत बुटांबरोबर पुस्तकं. साखळी सामने आटोपले की नोव्हेंबरात देशभरातले चौसष्ट संघ निवडले जातात. तिथून हरला तो घरी. सलग सहा सामने जिंकले तरच अजिंक्यपद. पोर्टलंडच्या मुली एकेक फेरी ओलांडत गेल्या. सिंक्लेअरचे त्या हंगामात सव्वीस गोल झाले. वरच्या दर्जाच्या साऱ्या कॉलेजांत त्या वर्षी तेवढे दुसऱ्या कुणी केले नाहीत.

८ डिसेंबर २००२, रविवार. टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात अंतिम सामना. समोर सांता क्लारा विद्यापीठ, आदल्या वर्षीचं विजेतं. हे दोन्ही संघ एकाच साखळीतले, दर वर्षी गाठ पडणारे. शेजारचाच भाऊबंद, त्याला आपल्या शेताचे सगळे कोपरे ठाऊक. नव्वद मिनिटांत दोघांचा एकेक गोल झाला. पोर्टलंडचा होता तो सिंक्लेअरचा. सामना जादा वेळेत गेला. पहिला जादा डाव कोराच गेला.

चार्ल्स बाजूला उभा होता. तेरा वर्षं मुलींना शिकवलेलं, १९९५ ची ती तिसरी खेप पाहिलेली, आणि अंगात आजार. त्याच्या मनात काय चाललं असेल ते मी लिहिणार नाही. ज्यांनी दवाखान्याच्या वाऱ्या सांभाळून सुगी काढली आहे, त्यांना ते अंदाजानं कळेल.

दुसऱ्या जादा डावात सिंक्लेअरनं गोल केला. सोनेरी गोल. १ सप्टेंबरला जो नियम तिच्या संघाच्या मुळावर आला होता, त्याच नियमानं सामना तिथल्या तिथं थांबला. दोन विरुद्ध एक. पोर्टलंड विद्यापीठाला कुठल्याही खेळात मिळालेलं देशपातळीवरचं हे पहिलं अजिंक्यपद.

पुढच्या वर्षी, २६ ऑगस्ट २००३ ला, क्लाइव्ह चार्ल्स गेला. वय एक्कावन्न. नवा हंगाम तोंडावर आला होता. मुलींचा संघ त्याचा सहकारी गॅरेट स्मिथ यानं हाती घेतला.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार आवडते. चार्ल्स अजिंक्यपदाआधी गेला असता तरी त्यानं केलेल्या कामात काही उणं आलं नसतं. मॅकमिलन होती, मिलब्रेट होती, शेकडो मुलामुलींचं शिक्षण खेळावर निघालं होतं. पण माणसाला एकदा तरी भरलेलं खळं डोळ्यांनी पाहावंसं वाटतं. त्यात चूक काय?

सिंक्लेअरनं २००३ चा कॉलेजचा हंगाम सोडला, विश्वचषकात देशाकडून खेळायचं म्हणून, आणि मग परत आली. २००५ हे तिचं शेवटचं वर्ष. त्या हंगामात पोर्टलंडचा संघ एकही सामना हरला नाही. तिचे एकटीचे गोल एकोणचाळीस झाले, आणि अंतिम सामन्यात कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाला त्यांनी चार-शून्य असं लोळवलं. कॉलेजात तिनं एकूण एकशे दहा गोल केले. पुढं कॅनडाकडून खेळताना एकशे नव्वद. देशासाठी इतके गोल बायकांत किंवा पुरुषांत दुसऱ्या कुणाच्याही नावावर नव्हते. २०२१ साली टोकियोत कॅनडाला ऑलिंपिकचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा संघाची कप्तान तीच होती, वय अडतीस.

धंदेवाईक फुटबॉलही ती २०१३ पासून पोर्टलंडच्याच संघाकडून खेळली आणि २०२४ च्या हंगामाअखेर तिनं बूट ठेवले. विद्यापीठाचं मैदान त्या कड्यावर अजून आहे. मैदानासकट त्या सगळ्या आवाराला आता क्लाइव्ह चार्ल्सचं नाव आहे. दर ऑगस्टात नव्या पोरी तिथं सरावाला येतात, आणि महिन्या-दीड महिन्यात त्यांच्यावर तोच बारीक पाऊस सुरू होतो.