गव्हाच्या मुलखातले सामाईक खाते

मसुराची आमटी आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पण त्या आमटीतला मसूर कुठून येतो याची चौकशी आपण फारशी करत नाही. भारत जो मसूर आयात करतो त्यात कॅनडाचा वाटा मोठा असतो आणि कॅनडातला बहुतेक सगळा मसूर सस्कॅचेवान या एकाच प्रांतात पिकतो. नाव उच्चारायला अवघड, नकाशावर मात्र ओळखायला अगदी सोपा, कारण त्याची सीमा कोणत्याही नदीने, डोंगराने वा किनाऱ्याने ठरवलेली नाही. कागदावर रेघा ओढून १९०५ साली हा प्रांत निर्माण झाला. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून अधिक आणि लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेप्रमाणे ११ लाख ३२ हजार, म्हणजे आपल्या हिंगोली जिल्ह्याची २०११ साली होती त्याहूनही थोडी कमी.

माझ्या नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या ग्रामीण शाखांत, पीककर्जाची प्रकरणे तपासण्यात गेली. त्यामुळे कुठल्याही मुलखाचा इतिहास वाचताना माझी नजर आधी शेतकऱ्याच्या खात्याकडे जाते. सस्कॅचेवानचे खाते उघडून पाहावे असेच आहे.

दहा डॉलरची जमीन

१८७२ च्या कायद्याने कॅनडा सरकारने या गवताळ प्रदेशात दहा डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. अट एवढीच, की तीन वर्षे तिथे राहायचे आणि जमीन कसायची. युक्रेनियन, जर्मन, स्कँडिनेव्हियन, इंग्रज अशी नाना देशांची माणसे आली. रशियातून छळामुळे परागंदा झालेले डुखोबोर पंथाचे लोक १८९९ साली आले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी टॉलस्टॉय यांनी आपल्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीचे उत्पन्न दिले होते. कादंबरीच्या मानधनातून माणसांची वसाहत उभी राहते, ही गोष्ट माझ्यासारख्या कादंबरीकाराला सुखावणारीच आहे.

पण बँकेत कर्ज देण्याआधी जमिनीवरचा बोजा पाहतात, आणि या जमिनीवर बोजा होता. ती मुळात क्री, सोटो, डकोटा, डेने अशा मूळ रहिवाशांची आणि मेटी लोकांची. १८७४ आणि १८७६ सालचे करार झाले, त्याच दशकात गव्यांचे कळप संपले आणि उपासमार सुरू झाली. १८८५ साली बटोश येथे मेटींचा उठाव मोडला गेला आणि त्यांचा नेता लुई रिएल याला रेजायना येथे फाशी झाली. पुढे त्यांच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. अशाच एका शाळेच्या आवारात खुणा नसलेल्या ७५१ कबरी आढळल्याचे काउएसेस जमातीने जून २०२१ मध्ये जाहीर केले. त्या साऱ्याच मुलांच्या असतील असे नाही. पण या प्रांताच्या सहकाराची जी थोर गोष्ट मी पुढे सांगणार आहे, तिच्या पहिल्या पानावर ही नोंद राहिलीच पाहिजे.

पूल उभा राहिला, आणि विकला गेला

नव्या वसाहतकऱ्यांना पहिला धडा मिळाला तो अंतराचा. बाजार हजारो मैलांवर, रेल्वे दुसऱ्याची, वजनकाटा आणि कोठार व्यापाऱ्याचे. पीक निघाले की सगळ्यांचा गहू एकदम बाजारात आणि भाव तळाला. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९२४ साली हजारो शेतकऱ्यांनी ‘सस्कॅचेवान व्हीट पूल’ स्थापन केला. सर्वांचा गहू एकत्र करायचा, वर्षभर सावकाश विकायचा, आधी उचल द्यायची आणि हंगामाअखेर हिशेब करून उरलेले पैसे वाटायचे, अशी पद्धत. रेल्वेच्या प्रत्येक थांब्याशेजारी गव्हाचे उंच लाकडी कोठार उभे राहिले. गावाचे नाव त्यावरच रंगवलेले असे.

मग १९२९ ची मंदी आली. दीड डॉलरच्या घरातला बुशेलचा भाव १९३२ अखेर ४० सेंटच्याही खाली गेला. उचल जास्त दिलेली, विक्री कमी भावाने. पूल कर्जात बुडाला आणि सरकारची हमी घ्यावी लागली. त्यावर दुष्काळ. १९३७ साली एकरी तीन बुशेलही गहू झाला नाही, म्हणजे क्विंटलभरसुद्धा नाही. तरी पुढे पूल सावरला आणि त्याने कर्ज फेडले.

जो पूल मंदीत आणि दुष्काळात टिकला, तो संपला मात्र सुबत्तेच्या स्वप्नात. १९९६ साली त्याचे समभाग टोरोंटोच्या शेअर बाजारात आले, विस्तारासाठी मोठी कर्जे काढली गेली, ती डोईजड झाली, आणि २००५ साली सहकारी संस्था रीतसर कंपनी बनली. ‘एक सभासद, एक मत’ संपले. २००७ मध्ये व्हिटेरा हे नाव आले, २०१२ मध्ये ग्लेनकोर या परदेशी कंपनीने ती विकत घेतली, आणि २०२५ मध्ये बंगी या धान्यव्यापारातील बड्या कंपनीत ती विलीन झाली. एवढ्या पायऱ्यांत कुठेही कुणी दरोडा घातला नाही. प्रत्येक टप्पा कायदेशीर, प्रत्येक ठराव मंजूर.

तेवीस दिवस

याच मातीत दुसरे एक रोप लावले गेले. मंदीत डॉक्टरचे बिल देणे अशक्य झाले, तेव्हा काही ग्रामीण पालिका कर गोळा करून पगारी डॉक्टर ठेवीत. १९४४ साली सत्तेवर आलेले टॉमी डग्लस हे मूळचे धर्मोपदेशक. लहानपणी त्यांचा पाय हाडाच्या विकाराने कापावा लागणार होता. एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने फुकट शस्त्रक्रिया केली म्हणून तो वाचला. पाय वाचावा की नाही हे नशिबावर का असावे, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. १९४७ मध्ये रुग्णालयाचा खर्च सर्वांसाठी सरकारी विम्यात आला आणि १ जुलै १९६२ रोजी डॉक्टरांची फीसुद्धा.

त्याच दिवशी प्रांतातील बहुसंख्य डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. संप २३ दिवस चालला. ब्रिटनमधून डॉक्टर आणावे लागले. काही गावांनी स्वतःचे सहकारी दवाखाने काढले. अखेर सॅस्कटून येथे समझोता झाला. डॉक्टरांना सरकारी नोकर व्हावे लागले नाही, आणि योजना राहिली. मुख्यमंत्री वुड्रो लॉइड यांनी मात्र किंमत मोजली. १९६४ च्या निवडणुकीत त्यांचा पक्ष हरला. पण विरोधकांनीही सत्तेवर येऊन योजना मोडली नाही. १९७२ पर्यंत ती कॅनडाच्या सर्व प्रांतांत पोहोचली.

एकाच माणसांनी, एकाच गरजेतून उभारलेल्या दोन संस्था. एक विकली गेली, दुसरी देशभर झाली. असे का? मला याचे उत्तर खात्याच्या स्वरूपात दिसते. पूल सभासदांचा होता, आणि सभासद कमी होत गेले. १९३६ साली प्रांतात १ लाख ४२ हजार शेते होती. २०२१ साली ३४ हजार, आणि सरासरी शेत १,७०० एकरांच्या पुढे गेले. उरलेल्या मोठ्या शेतकऱ्याला संस्थेपेक्षा समभागाचा भाव जवळचा वाटला. आरोग्यसेवेत मात्र प्रत्येक नागरिक खातेदार आहे. समभाग विकता येतो. आजारपणातला हक्क कुणाला विकणार?

म्हणून ती सुरक्षित आहे असे मात्र नाही. १९९५ मध्ये धान्यवाहतुकीचे रेल्वे अनुदान गेले, शाखामार्ग उखडले गेले, लाकडी कोठारे पाडली गेली. महागड्या वाहतुकीत स्वस्त गहू परवडेना, म्हणूनही शेतकरी मसूर-वाटाण्याकडे वळला; आणि २०१७ च्या अखेरीस भारताने आपल्या शेतकऱ्याचे कोसळते भाव सावरण्यासाठी वाटाण्यावर ५० टक्के आणि मसुरावर ३० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा त्याचा हिशेब तिकडे चुकला. त्याच २०१७ साली प्रांताने १९४६ पासून चालवलेली सरकारी बससेवा बंद केली. ज्या म्हाताऱ्या बाईला तपासणीसाठी शहरात जायचे, तिला डॉक्टर फुकट आहे. डॉक्टरपर्यंत जाणारी बस नाही. ग्रामीण रुग्णालयांतील तातडीचे विभागही मनुष्यबळाअभावी अधूनमधून बंद राहतात.

२०२४ च्या प्रांतिक निवडणुकीत डग्लस यांच्या परंपरेतल्या पक्षाला रेजायना आणि सॅस्कटून या शहरांतील जवळजवळ सर्व जागा मिळाल्या. ज्या खेड्यांत ती परंपरा जन्मली, ती खेडी सत्ताधाऱ्यांकडेच राहिली. हक्क कागदावर कायम राहून त्याच्यापर्यंतची वाट बंद होऊ शकते, हे तिथल्या खेड्यांना कळू लागले आहे. आपल्याकडेही साखर कारखान्यापासून जिल्हा बँकेपर्यंत सहकाराची खाती आहेत. त्यांच्या वार्षिक सभेला आपण शेवटचे कधी गेलो होतो, एवढे या रविवारी प्रत्येक सभासदाने आठवून पाहावे.