युरियाची गोणी आणि पैनगंगेकाठचा गहू

२०२५च्या खरीप हंगामात तेलंगणातील शेतकऱ्यांना युरियासाठी रांगा लावाव्या लागल्या. राज्य आणि केंद्र यांच्यात आरोप-प्रत्यारोप झाले. खत किती आले, याचा हिशेब मांडला गेला. जमिनीला ते किती आणि केव्हा हवे, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. आदिलाबाद जिल्ह्यातील गव्हाच्या थोडक्या क्षेत्राकडे पाहिले, तर त्याचे महत्त्व उमगते.

पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद, पलीकडे यवतमाळ. जैनद, बेला या सीमेवरील मंडलांत मराठी सर्रास बोलली जाते आणि शेतीची रीतही विदर्भाशी मिळतीजुळती आहे. जिल्हा प्रामुख्याने कापसाचा, त्याखालोखाल सोयाबीन व तुरीचा. मात्र तेलंगणातील सर्वाधिक थंडीच्या जिल्ह्यांत त्याची गणना होते, म्हणून सोयाबीननंतर ओलिताची सोय असलेल्या रानात गहू घेता येतो.

अडचण वेळेची आहे. सोयाबीन ऑक्टोबरमध्ये निघते आणि गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरला जाणे इष्ट असते. पेरणी लांबली की दाणा भरण्याच्या काळात ऊन वाढते आणि उतारा घटतो. काळी जमीन नांगरली की ढेकळे निघतात, ती फोडण्यासाठी पुन्हा पाळ्या घालाव्या लागतात. यात डिझेल जळते, दिवस जातात आणि पावसाळ्याने जमिनीत ठेवलेली ओल उडून जाते. नांगरट न करता पेरणीयंत्राने थेट बी व खत पेरण्याची पद्धत पंजाब-हरियाणाच्या गहूपट्ट्यात रुळली आहे. तिने नेमके हेच नुकसान टळते. सोयाबीनचा पालापाचोळा जमिनीवर राहिल्यास ओलही टिकते. तण आणि उंदीर यांचा बंदोबस्त मात्र अधिक दक्षतेने करावा लागतो.

खताचे गणितही तितकेच सरळ आहे. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हासाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश ही सर्वसाधारण शिफारस आहे. स्फुरदासाठी सुमारे १३० किलो डीएपी दिले, तर उरलेल्या नत्रासाठी सुमारे २१० किलो युरिया लागतो. म्हणजे एकरी दोन गोण्यांहूनही किंचित कमी. निम्मे नत्र पेरणीवेळी आणि निम्मे सुमारे २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना पहिल्या पाण्यासोबत द्यायचे असते. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियातील नत्राचा मोठा अंश अमोनिया होऊन हवेत जातो. गरजेपेक्षा जास्त दिल्यास गहू लोळतो. पानाच्या हिरवेपणावरून नत्राची गरज दाखवणारी साधी रंगपट्टीदेखील हा अपव्यय रोखू शकते.

मग शेतकरी जास्त युरिया का टाकतो? उत्तर किमतीत आहे. ४५ किलोची गोणी सुमारे २६७ रुपयांना मिळते. त्या हिशेबाने नत्र किलोमागे १३ रुपयांना पडते. डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांची. त्यातील नत्राचे मोल वजा केल्यास स्फुरद किलोमागे ५४ रुपयांच्या आसपास जाते. २०१०मध्ये पोषणमूल्याधारित अनुदान आले, पण युरिया त्यातून वगळला गेला. स्वस्ताकडे हात वळणे हे शेतकऱ्याचे अज्ञान नव्हे, ते धोरणाचेच फलित आहे.

२०१५च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेने यावर उपाय सुचवला. तीत बारा घटकांची नोंद असते. पण कोरडवाहू क्षेत्रात दहा हेक्टरांमागे एक आणि बागायतीत अडीच हेक्टरांमागे एक नमुना, हे तिचे मूळ सूत्र. आदिलाबादेत नदीकाठची खोल काळी माती आणि डोंगरउतारावरची उथळ, मुरमाड जमीन एकाच गावात आढळते. अनेकांच्या रानांसाठी एकच आकडा असेल, तर त्याला अचूक व्यवस्थापन म्हणता येणार नाही.

दुसरी गाठ मालकीची आहे. रयतू बंधू योजनेत २०१८पासून एकरी मदत मिळाली ती पट्टेदाराला, कसणाऱ्या कुळाला नव्हे. नांगरट टाळून जमिनीचा कस सुधारण्यास काही वर्षे लागतात. पुढच्या वर्षी रान हाती राहील की नाही, याची शाश्वती नसलेला कूळ ती वाट कशी पाहणार?

गोमंतकीयांनाही हा विषय परका नाही. इथल्या पावाचा आणि पोळीचा गहू परराज्यांतूनच येतो, तर झुआरीनगरच्या कारखान्यात युरिया तयार होतो. अनुदानाचा भार साऱ्या करदात्यांवर पडतो.

आदिलाबादेत कृषी संशोधन केंद्र आहे, कृषी विज्ञान केंद्रही आहे. ज्ञान आहे, तंत्रही आहे. हवे आहे ते गावपातळीवर भाड्याने मिळणारे पेरणीयंत्र, प्रत्येक रानाचा माती-नमुना, कसणाऱ्याच्या नावे मदत आणि खतांच्या किमतींतील तफावत कमी करण्याचे धैर्य. यांतील शेवटची गोष्ट राजकीयदृष्ट्या सर्वांत कठीण आहे. ती टाळली, तर गोण्या कितीही आल्या तरी रांगा पुन्हा लागतील.