सी. के. नायडूंच्या नावाची स्पर्धा आणि किटबॅगेतील बाटल्या

जानेवारी २०२४ मधील गोष्ट. चंदीगडच्या विमानतळावर सौराष्ट्राच्या २३ वर्षांखालील क्रिकेट संघाचे सामान तपासले जात होते. पाच खेळाडूंच्या किटबॅगांमधून मद्याच्या २७ बाटल्या आणि बिअरची दोन खोकी निघाली. संघ सामना जिंकून राजकोटला, म्हणजे स्थापनेपासून दारूबंदी असलेल्या गुजरातेत, परतत होता. वृत्तपत्रांनी बातमी छापली, संघटनेने खेद व्यक्त करून चौकशीची घोषणा केली, समाजमाध्यमांवर चार दिवस विनोद फिरले आणि विषय संपला.

नागपूरकरांसाठी मात्र तो संपता कामा नये. कारण हा सामना ज्या स्पर्धेतील होता, तिचे नाव आहे कर्नल सी. के. नायडू करंडक. भारताच्या कसोटी संघाचा हा पहिला कर्णधार १८९५ साली नागपुरात जन्मला, याच शहरात शिकला आणि येथील मैदानांवर घडला. १९२६ साली मुंबईत हिंदू संघाकडून खेळताना त्यांनी एमसीसीच्या गोलंदाजीवर ११ षटकारांसह १५३ धावा कुटल्या. गोऱ्या सत्तेच्या त्या काळात ही खेळी म्हणजे एका पराधीन समाजाला झालेली आत्मविश्वासाची जाणीव होती. साठी ओलांडल्यावरही रणजी सामन्यात उभे राहण्याइतके शरीर त्यांनी राखले होते. त्या पुरुषाच्या नावाच्या स्पर्धेतून तरुण खेळाडू काय घेऊन परतत होते, तर बाटल्या!

येथे सौराष्ट्राकडे बोट दाखवून मोकळे होण्याचा मोह टाळला पाहिजे. आपल्याकडे आंतरशालेय, विभागीय, आंतरमहाविद्यालयीन अशा स्पर्धांचा हंगाम सुरू झाला की चौदा-सोळा वर्षांची मुले घराबाहेर पडतात. परगावच्या एखाद्या लॉजमध्ये एकेका खोलीत चार-चार जण कोंबले जातात. संघाबरोबर गेलेले व्यवस्थापक दुसऱ्या मजल्यावर असतात आणि रात्री दहानंतर त्यांचे मुलांकडे लक्ष नसते. शेवटचा सामना झाला की ‘सेलिब्रेशन’ हा शब्द उच्चारला जातो. जिंकलो म्हणून पार्टी, हरलो म्हणून पार्टी! संघातील मोठा मुलगा पहिली बाटली आणतो आणि लहानाला ‘घाबरतोस काय?’ असे विचारतो. संघातून बाजूला पडण्याची भीती त्या वयात मरणाहून मोठी असते. व्यसनाचा पहिला घोट बहुधा चवीसाठी घेतला जात नाही, तो या भीतीपोटी घेतला जातो.

मग दोष कोणाचा? मुलांचा सर्वांत शेवटी. ज्या प्रौढांनी मुलाला आईच्या हातून स्वतःच्या ताब्यात घेतले, त्यांचा सर्वांत आधी. आपल्या तालमींत वस्तादाचे स्थान काय होते, हे आठवावे. तो केवळ डाव शिकवीत नसे. पठ्ठ्याने काय खाल्ले, कधी झोपला, कोणाच्या संगतीत फिरला, यावर त्याची नजर असे. आखाड्यात मारुतीची मूर्ती शोभेसाठी नव्हती. बळाला संयमाचा लगाम हवा, याची ती रोजची आठवण होती. याच परंपरेतून अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ १९३६ साली बर्लिनला गेला आणि त्याने जगाला देशी खेळांचे दर्शन घडविले. आज वस्तादाची जागा ‘कोच’ने घेतली. त्याला निकाल विचारला जातो, पदके विचारली जातात. मुले रात्री कोठे होती, हे त्याला कोण विचारतो?

कायदा मात्र विचारतो. महाराष्ट्रात विदेशी मद्यासाठी किमान वय २५ वर्षे आहे. हा मापदंड लावला तर २३ वर्षांखालील संघातील एकाही खेळाडूला त्या बाटलीला हात लावण्याचा अधिकार नाही. शालेय खेळाडूंची तर गोष्टच सोडा. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७७ नुसार १८ वर्षांखालील मुलाला वैद्यकीय सल्ल्यावाचून मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात एका अल्पवयीन मुलाच्या भरधाव पोर्श गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. निकालाचा आनंद साजरा करून तो मुलगा पबमधून बाहेर पडला होता. त्या वेळी ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर देश संतापला, ते योग्यच होते. परंतु त्याच प्रकरणात मुलाच्या वडिलांवर आणि मद्य पुरविणाऱ्यांवरही याच कायद्याखाली गुन्हा नोंदविला गेला, हे किती पालकांच्या लक्षात राहिले? मुलाच्या हाती पेला देणारा प्रौढ गुन्हेगार असतो. तो पेला स्पर्धेच्या लॉजमध्ये दिला गेला, म्हणून त्याला सवलत मिळत नाही.

आता प्रश्न असा की, मुलांच्या मनात विजय आणि मद्य यांची सांगड घातली कोणी? याचे उत्तर दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आहे. मद्याच्या थेट जाहिरातीस तेथे बंदी आहे. म्हणून मद्यकंपन्या सोडा, पाणी आणि संगीताच्या नावाखाली आपलेच बोधचिन्ह मिरवतात. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा तिच्यातील एका संघाचे नावच मुळी व्हिस्कीच्या नावावरून ठेवण्यात आले. गावोगावच्या मुलांनी ते नाव छातीवर मिरविले. अखेर मार्च २०२५ मध्ये आरोग्य सेवा महासंचालकांना आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून मद्य आणि तंबाखूच्या छुप्या जाहिरातीही थांबवा, असे सांगावे लागले. सतरा हंगाम उलटून गेल्यावर! याउलट प्रा. रमेश तेंडुलकर यांनी आपल्या मुलाला तंबाखू आणि मद्याची जाहिरात करू नकोस असे सांगितले आणि सचिनने तो शब्द पाळला. एका मराठी प्राध्यापकाच्या घरातील शब्द कोट्यवधींच्या करारांना पुरून उरला. संस्कार म्हणतात तो हा.

‘हे जुनाट विचार आहेत, जग पुढे गेले’ असे म्हणणारे येथे पुढे सरसावतील. त्यांनी जगाकडेच पाहावे. फ्रान्ससारख्या द्राक्षमद्याच्या देशाने १९९१ साली कायदा करून क्रीडास्पर्धांना मद्यकंपन्यांचे प्रायोजकत्व बंद केले. १९९८ चा फुटबॉल विश्वचषक त्या कायद्याखालीच झाला. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुले महिन्याभरात एकदा तरी झिंगलेली असत. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. कसे? मुलांना रात्री उशिरा बाहेर फिरण्यास बंदी, पालकांचे परस्परांत करार, आणि शासनाच्या साहाय्याने प्रशिक्षकांच्या देखरेखीखालील खेळ. ज्या पश्चिमेचे अनुकरण म्हणून आपण पेला उचलतो, तिच्यातील शहाण्या समाजांनी तो मुलांच्या हातून केव्हाच काढून घेतला आहे. आपण मात्र त्यांचा कचरा फॅशन म्हणून घरी आणतो.

तथापि, केवळ पश्चिमेच्या नावाने बोटे मोडणे ही आपलीही एक सोयीस्कर सवय झाली आहे. संस्कृतीवर भाषण करणाऱ्या घरांतही मुलाच्या विजयाची मेजवानी ‘मोठ्यांसाठी वेगळी व्यवस्था’ ठेवून होते. ती व्यवस्था कशाची आहे, हे मुलाला समजत नाही, असे ज्यांना वाटते ते स्वतःला फसवीत आहेत. तो पाहतो, शिकतो आणि पुढच्या स्पर्धेत तेच करतो.

म्हणून उपाय घरापासून आणि मैदानापासून सुरू व्हावा. मुलांच्या स्पर्धेस मद्यकंपनीचा एक रुपयाही, सोड्याच्या नावानेसुद्धा, घेऊ नये. मुलांबरोबर जाणाऱ्या प्रत्येक प्रौढाने प्रवासापासून परतीपर्यंत स्वतः निर्व्यसनी राहण्याची आणि त्याच मजल्यावर मुक्काम करण्याची लेखी हमी द्यावी. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असावीच. नियम मोडल्यास प्रथम जबाब प्रौढाचा घ्यावा. मुलाला हाकलून त्याचे क्रीडाजीवन संपविण्याऐवजी त्याला समुपदेशन आणि पुन्हा उभे राहण्याची संधी द्यावी. आणि पालकांनी संघ निघण्यापूर्वी एवढेच विचारावे, ‘रात्री माझ्या मुलाजवळ कोण असेल?’ ज्या संघटनेला या प्रश्नाचे उत्तर नावानिशी देता येत नाही, तिच्याबरोबर मूल पाठवू नये.

जुलै २०२५ मध्ये याच नागपूरच्या दिव्या देशमुखने वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. विजयानंतर जगाने पाहिले, ते आईच्या मिठीत अश्रू ढाळणाऱ्या मुलीचे चित्र. विजय साजरा कसा करावा, हे नागपूरला बाहेरून शिकण्याची गरज नाही. नायडूंच्या शहराने एवढे जरी ठरविले की, आमच्या मुलांच्या किटबॅगेत बॅट, पॅड आणि परतताना जमले तर पदक, याहून अधिक काही असणार नाही, तर त्यांच्या नावाच्या करंडकाला लागलेला डाग पुसण्याची सुरुवात येथूनच होईल.