विहिरीच्या यारीचा दोर बदलताना



उन्हाळा लागून विहिरींनी तळ दाखविला, की नाशिक जिल्ह्यात गाळ काढण्याची व विहिरी खोल करण्याची कामे सुरू होतात. चांदवड, देवळा, येवला, सिन्नर या तालुक्यांत खाली काळा खडक लागतो. सुरुंगाने फोडलेला हा दगड यारीच्या लोखंडी बादलीने वर काढावा लागतो. सुरुंगाचा धोका सर्वांस ठाऊक असतो. परंतु बादली ज्या दोरावर वरखाली होते, त्याकडे पाहण्यास फारसे कोणी थांबत नाही. तो झिजल्यावर नवा दोर कोणता घ्यावा, हा यारीवाल्याचा प्रश्न आहे असे आपण समजतो. प्रस्तुत लेखकाच्या मते तो विहिरीच्या मालकाचाही तितकाच आहे.

गेल्या उन्हाळ्यात चांदवड तालुक्यातील एका विहिरीवर जाण्याचा प्रसंग आला. दोराच्या तारा जागोजाग तुटून बाहेर आल्या होत्या. यारीवाल्यास विचारता तो म्हणाला, "साहेब, अजून दोन विहिरी सहज निघतील." मालक म्हणाले, "दोर त्यांचा, आमचा फक्त खोदाईचा दर ठरला आहे." दुसऱ्याच दिवशी दोर तुटून भरलेली बादली तळाशी कोसळली. मजूर भाकरी खाण्यासाठी वर आले होते, म्हणूनच चार घरे वाचली. त्या सुदैवावर पुढच्या कामाची भिस्त ठेवणे कोणासही शोभणारे नाही.

मोटेच्या काळी असे नव्हते. मोटेचा नाडा व सोंदूर यांवर घरधन्याची स्वतःची नजर असे. नाडा विरू लागला की तो वेळीच बदलला जाई. कारण भर ओढीत तो तुटला तर मोट विहिरीत जाई आणि धावेवरचे बैल तोंडघशी पडत. विजेचे पंप आले, मोट गेली, आणि तिच्याबरोबर दोर पारखण्याची सवयही गेली. ती सवय पुन्हा लावून घेणे अगत्याचे आहे.

दोर निवडताना प्रथम ओझ्याचा हिशेब करावा. फोडलेल्या काळ्या दगडाचे वजन दर घनमीटरास साधारणतः दीड टनाहून अधिक भरते. अर्ध्या घनमीटरची बादली शिगोशीग भरली, तर दगड, ओला गाळ व बादली मिळून भार एक टनाच्या घरात जातो. आता १२ मिलिमीटर जाडीचा, सहा पेडांचा, तागाच्या किंवा तत्सम गाभ्याचा चांगला नवा पोलादी दोर सुमारे ८ टनांस तुटतो. परंतु टोकाशी क्लिपा लावून फास केला की त्याची सुमारे ८० टक्केच ताकद हाती राहते, म्हणजे ६.४ टन. माल उचलताना तुटण्याच्या भाराचा पाचवा हिस्साच वापरावयाचा, हा सर्वमान्य दंडक आहे. त्याप्रमाणे या दोरावर सव्वा टनाहून अधिक भार घालू नये. आठ टनांचा आकडा ऐकून निर्धास्त होणाऱ्याने हा हिशेब ध्यानात घ्यावा. माणसांस नेण्यासाठी याच्या दुप्पट सुरक्षितता धरतात. सबब मजुरांनी मालाच्या बादलीत बसून उतरणे सर्वथा वर्ज्य करावे.

"मग अधिक जाड दोर घेतला म्हणजे झाले," असे काहींस वाटेल. हा समज चुकीचा आहे. दोर जितका जाड, तितकी कप्पी मोठी लागते. कप्पीचा व्यास दोराच्या जाडीच्या निदान १८ पट असावा. १२ मिलिमीटरच्या दोरास सुमारे २१६ मिलिमीटरची कप्पी हवी. लहान कप्पीवर जाड दोर चढविल्यास तो प्रत्येक फेरीस तीव्र वाकतो, खाचेत नीट बसत नाही आणि आतील तारा लवकर तुटतात. यास्तव यंत्राबरोबर मूळ जो दोर ठरवून दिला असेल, त्याच जाडीचा व त्याच बांधणीचा दोर घ्यावा. खरेदीच्या वेळी भारतीय मानक आयएस २२६६ ची खूण व कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे. जुन्या बाजारातील दोर स्वस्त मिळतो खरा, परंतु त्याने पूर्वी किती ओझी वाहिली हे कोणीच सांगू शकत नाही.

अलीकडे पॉलिएस्टरचे विणलेले पट्टे बाजारात आले आहेत. होडी गाडीवर ओढून घेण्याच्या लहान चरखीला असा पट्टा असतो. तो हलका असून हातास बोचत नाही. पंप उचलताना त्याचा चांगला उपयोग होतो. तथापि खडकाची धार लागताच तो कापला जातो आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिल्यास कमजोर होतो. विहिरीच्या खोदाईस पोलादी दोराऐवजी तो कधीही वापरू नये. अन्यत्र वापरावयाचा झाल्यास भारक्षमतेची पट्टी शिवलेलाच पट्टा घ्यावा. पट्टी निघून गेली असल्यास तो उचलण्याच्या कामातून बाद करावा.

नवा दोर चढविताना टोकाच्या क्लिपांकडे विशेष लक्ष द्यावे. क्लिपेचे खोगीर भार घेणाऱ्या लांब दोरावर आणि वाकडा बोल्ट दुमडलेल्या आखूड टोकावर यावयास हवा. उलट लावल्यास बोल्ट मुख्य दोरासच चेपतो. निदान तीन क्लिपा असाव्यात व पहिला भार उचलल्यावर त्या पुन्हा आवळाव्यात. बादली तळाशी टेकली असतानाही ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहिले पाहिजेत. तुटलेला दोर गाठ मारून जोडू नये.

दोर केव्हा बदलावा, याच्या खुणा सोप्या आहेत. एक पेड दोराभोवती पूर्ण फेरी घेतो तेवढ्या लांबीत सहा तारा तुटलेल्या दिसल्या, अथवा एकाच पेडात तीन दिसल्या, तर दोर बाद समजावा. जाडी दहाव्या हिश्शाने घटली, मोड पडला, पेड फुगून पिंजारले, किंवा गंजाने तारांस खड्डे पडले, तरीही तोच निर्णय घ्यावा. १२ मिलिमीटरचा दोर १०.८ वर आला म्हणजे वरवर थोडेच झिजल्यासारखे वाटते. परंतु सर्व तारा सारख्या झिजल्या असे धरल्यास पोलाद सुमारे १९ टक्के कमी झालेले असते. ही तपासणी रोज सकाळी, यंत्र बंद असताना, हातमोजे घालून करावी.

खर्चाची अडचण आम्ही नाकारीत नाही. यारीवालाही बहुधा कर्ज काढूनच यंत्र घेतो आणि दर पाडून मागितल्यावर तो बचत दोरातच करतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. म्हणून आमची सूचना अशी, की खोदाईचा दर ठरवितानाच दोराची अट घालावी, आणि दोर बदलणे आवश्यक ठरल्यास मालकाने त्या खर्चाचा काही वाटा उचलावा. एकाच शिवारात पाच-सहा विहिरींचे काम निघणार असेल, तर सर्वांनी मिळून हा वाटा देणे कोणासही जड जाणार नाही.

विहिरीचे पाणी आपल्या शेतास मिळावयाचे आहे आणि तळाशी उतरणारा मजूर आपल्याच कामावर आहे. यासाठी येत्या हंगामात यारी शेतावर येईल त्या दिवशी, पहिली बादली खाली सोडण्यापूर्वी, मालकाने दोर स्वतः पाहावा. आणि तो बाद ठरल्यास नवा येईपर्यंत काम थांबवावे.